आधी जोड्या, मग चिता

जून. तुझ्या वडिलांना जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

ट्रेबिया, पोरी, तू लहानपणी पायातच चप्पल घालून घरभर चप्पल शोधायचीस. मागच्या खेपेला तर स्वतःच्या लेकाला माझ्या भट्टीशेजारी झोपवलंस आणि पुत्योलीच्या रस्त्याला लागलीस. गाडीवाल्यानं विचारलं, ‘बाई, काही राहिलं का?’ आणि तू म्हणालीस, ‘छे!’ म्हणून हे लिहवून ठेवते आहे. तू बाळंतीण, तुला येता आलं नाही. पण पुढे येशील तेव्हा ‘आई, बाबांच्या वेळी नक्की काय झालं गं?’ असं उठताबसता विचारशील, आणि माझ्यात सारखं सांगायचं त्राण नाही. मला अक्षर येत नाही. तुझी वहिनी विबिया मेणाच्या पाटीवर कोरते आहे. मी शिवी दिली की तिचा हात थांबतो. लिही गं. माझी शिवी आहे, तुझ्या तोंडाला लागत नाही.

तर ऐक. ऊन मी म्हणत होतं. तिरडी चौकात आणली. पुढे बासरीवाले, मागे भाड्यानं आणलेल्या रडणाऱ्या बाया, त्यांच्या मागे आम्ही फुकट रडणारे. पाक्कियस बापाचे गुण सांगायला चौथऱ्यावर चढला. ‘माझे वडील नुमेरियस ट्रेबियस...’ एवढं म्हणतो न म्हणतो तोच गर्दीतून आवाज आला, ‘जोड्या कधी?’

मला आधी कळेना कसल्या जोड्या. मग तो धोबी रुफियो पुढे झाला. मुतात कपडे धुतो, त्याच्या अंगाला नेहमीसारखा तोच वास. म्हणाला, ‘आयुष्यभर आमच्या पोटावर मोठा झाला. एवढा मोठा पाववाला, आणि त्याच्या नावानं लढणाऱ्यांच्या जोड्या नकोत? वाळूवर दोन थेंब रक्त नको? मेलेला तहानलेला राहील की!’

तुझ्या बापाला तहान कशाची लागायची ते मला ठाऊक आहे. रक्ताची नक्कीच नव्हे.

झालं, सगळा चौक एका सुरात: ‘आधी जोड्या, मग चिता!’ बाकं ओढून आणली आणि वाटेवर आडवी टाकली. ना पुढे जाता येईना, ना मागे. तिरडी खांद्यावरून खाली ठेवावी लागली, मासळीबाजाराच्या दारात. माश्यांना दोन्हीकडे मेजवानी. ज्यांना तुझ्या बापानं दुष्काळात कालचा पाव अर्ध्या भावात दिला, तीच ही माणसं. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणि पाक्कियस? हातात भाषण धरून उभा, मेंढवाड्याच्या दाराशी विसरलेल्या कोकरासारखा.

उन्हात तुझ्या बापाचा चेहरा बदलायला लागला. ते मला बघवेना. मी ओरडले, ‘देतो! जोड्या देतो! वाट सोडा, मुडद्यांनो!’

तर ज्यांनी तिरडी अडवली होती त्यांनीच ती खांद्यावर घेतली आणि वरात असावी तशी नाचत नेली. माझा नुमेरियस टाळ्यांच्या गजरात जळला.

जून. बाजाराच्या आदल्या दिवशी

पाक्कियस म्हणतो, ‘आई, शब्द तू दिलास.’

‘मी वास निघून जावा म्हणून दिला.’

‘चौकात दिलेला शब्द गावाला दिलेला असतो. गावच्या दोन्ही कारभाऱ्यांनी ऐकलाय. आता मागे घेतला तर आपल्या दारावर काय काय लिहितील!’

‘लिहू देत. मला कुठे वाचता येतं?’

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, हे मला कबूल आहे. पण तुला एक सांगते. पोरगा तोंड पाडून बसतो खरा, डोळे मात्र हसतात. पुढच्या वर्षी त्याला कारभारी म्हणून उभं राहायचंय. बापाच्या नावानं खेळ दिले तर निवडणुकीच्या वर्षात खेळ दिल्याचा बोभाटाही होत नाही आणि मतंही येतात. बाप मेला तोही मुहूर्त साधून, असं त्याला वाटत असेल.

विबिया थांबली. लिही. तुझा नवरा आहे हे मला माहीत आहे. मीच त्याला जन्माला घातलाय.

जून. बाजाराचा दिवस

कापुआहून आखाड्याचा वस्ताद आला. मान नसलेला माणूस. डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. किती जोड्या, कसल्या जोड्या, मेलेल्याची भरपाई किती, जखमी झाला तर किती, असं सगळं मटण विकत घ्यावं तसं चाललं होतं. एका जोडीत एक माणूस कमी पडत होता. तेवढ्यात हिलारस भट्टीतून पाव काढायला आला, उघड्या अंगानं, लांब दांड्याचं फावडं घेऊन.

वस्ताद बोलायचा थांबला. ‘हा कुणाचा?’

पाक्कियस म्हणाला, ‘घरचाच.’

‘मग बाहेरचा भाड्यानं कशाला घेता?’

ट्रेबिया, हिलारस कोण ते तरी आठवतं ना? नसेलच. पाक्कियस अंगावर पीत होता तेव्हा नदीकडच्या उकिरड्यावर मला एक पोर सापडलं. निळं पडलं होतं, तरी हसल्यासारखं तोंड. मी उचललं. उजव्या बाजूला पाक्कियस, डाव्या बाजूला तो. उकिरड्यावरचं पोर जो उचलेल त्याचा गुलाम, हा कायदा; पण दुधाला कायदा कळत नाही. तुझा बाप म्हणायचा, ‘यंदा द्राक्षं उतरली की याला कारभाऱ्यापुढे नेतो आणि मोकळा करतो.’ द्राक्षं अजून हिरवी आहेत आणि बाप गेला. आता घर, दळायची जाती, गाढवं आणि हिलारस, सगळं पाक्कियसचं.

मी म्हटलं, ‘पाक्कियस, तो तुझा दूधभाऊ आहे.’

‘म्हणूनच, आई. गाव म्हणेल, ट्रेबियसांनी घरचा माणूस दिला. भाड्याचा नाही.’

मी वस्तादावर पिठाची परात फेकली. लागली नाही. विबिया म्हणते हे लिहू नका. लागली असती तर लिहू नको म्हटलं असतं मी.

जून. त्याच्या दुसऱ्या दिवशी

हिलारसला विचारलं. वाटलं पाय धरेल, रडेल. मेला हसतोय!

‘मोठ्याबाई, जिंकलो तर मालक मला वाळूवरच मोकळा करणार. सगळ्या गावासमोर. शब्द दिलाय.’

‘आणि हरलास तर?’

‘तर तुमचा एक माणूस कमी. दुसरा शोधा. उकिरडा आहे तिथेच आहे.’

मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं माझा हात धरून पाहिला, मला लागलं का म्हणून. मग वस्तादाच्या गाडीत चढला. जाताना गल्लीतली पोरं मागे धावत होती.

जुलै. एक तारीख

काही नाही. नवा माणूस पाव करपवतो.

जुलै. ऊन फार

आपल्या भिंतीवर कुणीतरी हिलारसचं चित्र कोरलंय. मोठी ढाल, शिरस्त्राण, आणि खाली काहीतरी अक्षरं. विबियाला विचारलं काय लिहिलंय. ती लाजली. समोरच्या खानावळीतल्या पोरींनी लिहिलंय म्हणे. त्याला अजून एक घाव मारता आला नसेल आणि इथे त्याच्यासाठी पोरी उसासे टाकतात. राग कुणाकुणाचा धरू?

खरं सांगायचं तर मीही गेलेय खेळाला. तुझा बाप कापुआचा एक खेळ चुकवायचा नाही, आणि मी वर बायकांत बसून चणे खायची. कोण मेलं हे घरी येईतो लक्षातही राहायचं नाही. तेव्हा मेलेले कुणाचे नव्हते.

जुलै. बाजाराचा दिवस

आज डोकं चाललं.

माणूस पडला की काय होतं? तो हरलो म्हणून बोट वर करतो. मग खेळ देणारा गर्दीकडे बघतो. गर्दी ‘सोडा’ म्हणाली तर सोडतो, ‘काप’ म्हणाली तर मान हलवतो. खेळ देणारा माझा मुलगा. गर्दीला जे हवं तेच तो देणार, तसाच तो जन्मलाय. मग गर्दीच आपली करायची. पुरुषांचं मी काही करू शकत नाही. पण वरच्या रांगांत बायका असतात, आणि या गावातल्या प्रत्येक बाईला रोज सकाळी माझ्या दाराशी यावंच लागतं.

सकाळी धोब्याची बायको एपिडिया आली. तीच, जिच्या नवऱ्यानं तुझ्या बापाची तिरडी अडवली. मी पाव हातात धरला, दिला नाही.

‘आधी म्हण. सोडा.’

‘काय?’

‘हिलारस पडला तर काय ओरडायचं? सोडा. म्हण.’

‘सोडा.’

‘मेलीस का? पोटातून म्हण.’

‘आजी, पाव द्या आधी, मग पोट येईल!’

रांगेतल्या सगळ्या हसल्या. मग मी सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. एकेक जणी नवऱ्यावर ओरडावं तशी ओरडत होती. खानावळीतल्या पोरींचा आवाज सगळ्यात मोठा. त्यांना सवय आहे. जी ओरडणार नाही तिला पाव नाही, असं मी सांगून टाकलं. पाक्कियस बाहेर आला, ‘आई, हे काय चाललंय?’ मी म्हटलं, ‘निवडणूक.’

ऑगस्ट. बाजार उलटल्यावर

बायका आता इतक्या तयार झाल्यात की मी दार उघडलं की आपोआप ओरडतात. वरच्या आळीतली आंधळी म्हातारीही येते. म्हणते, मला दिसणार नाही, तू कोपर मार, मी ओरडते.

ऑगस्ट. खेळाच्या आदल्या दिवशी

आज लढणाऱ्यांचं जेवण. पाक्कियसनं खर्च केला. चौकाशेजारच्या ओसरीत त्यांना बसवलं आणि चारी बाजूंनी गाव लोटलं, माणसं जेवताना बघायला. कोण किती खातो, कुणाच्या हातून घास सांडतो, यावर पैजा. बाजारात जनावराचे दात बघतात तसं.

हिलारसचं अंग सुटलंय. सातूची पेज खाऊन खाऊन गाल आलेत. मला पाहून उठायला लागला, तर शेजारच्यानं त्याला खाली ओढलं. ‘बस. आज उठायचं नाही. आज सगळे आपल्याकडे येतात.’

हा शेजारचा म्हणजे बेरिलस. वय झालेला, कानाचा एक तुकडा नाही, पुढचे दात नाहीत. यानंच हिलारसला शिकवलं. ढाल कशी धरायची, दम कसा राखायचा, आणि पडायचं कसं. ‘पडणं सगळ्यात अवघड, आजी,’ मला म्हणाला. ‘पडून हलायचं नाही. हललात तर लोकांची मर्जी जाते.’

हिलारस म्हणाला, ‘मोठ्याबाई, उद्या माझी जोडी यांच्याशीच आहे.’

मी दोघांकडे पाहिलं. एकाच ताटात हात होते दोघांचे.

‘असं कसं? तुम्ही तर...’

बेरिलस म्हणाला, ‘आखाडा एक, आजी. अनोळखी आणणार कुठून?’ मग भिजवलेल्या पावाचा तुकडा हिरड्यांनी चावत म्हणाला, ‘ऐकलंय, तुम्ही गावातल्या बायका पढवल्यात. पोरगा पडला तर सोडवणार म्हणे. माझ्यासाठी कोण ओरडणार हो?’

मी म्हटलं, ‘तू कापुआचा. कापुआच्या बायका बोलव.’

तो खो खो हसला. त्याला ठसका लागला, हिलारसनं पाठीवर थापटलं. मग म्हणाला, ‘एकच आहे कापुआत. हेदोनी. लोकर कातते. ती येत नाही बघायला.’ आणि वस्तादाची नक्कल करून दाखवली, मान खांद्यात घालून. मीही हसले. माणूस गमत्या आहे.

घरी येताना विबियाला म्हटलं, हा म्हातारा आहे, दमेल, आपला जिंकेल. ती म्हणाली, ‘सासूबाई, आणि मग?’ मी म्हटलं, मग काय, मग हिलारस मोकळा.

ऑगस्ट. खेळाच्या दुसऱ्या दिवशी

काल काही सांगू शकले नाही. आज सांगते, एका दमात. विबिया, थांबू नकोस.

लाकडी बाकांच्या सगळ्यात वरच्या रांगेत आम्ही. माझ्या एका बाजूला आंधळी म्हातारी, दुसऱ्या बाजूला एपिडिया. खाली पाक्कियस पांढऱ्या कपड्यांत, शेजारी कारभारी. सुरुवातीला तुझ्या बापाचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझा बाप इतका लोकप्रिय जिवंतपणी कधी नव्हता.

पहिल्या जोड्या झाल्या. मग हिलारस आला, आणि आमच्या बायकांनी जे काही मैदान डोक्यावर घेतलं! ‘आजीचा हिलारस! आजीचा हिलारस!’ पाक्कियसनं वर पाहिलं, हसून. मी पण, खोटं कशाला बोलू, मी पण ओरडले. माझं ऊर भरून आलं होतं.

ते फार वेळ लढले. दोघं एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे कुणाचाच घाव बसेना. लोक कंटाळले, शिट्ट्या मारायला लागले. वस्तादाचा माणूस चाबूक घेऊन पुढे झाला. मग बेरिलसचा पाय वाळूत सरकला. की त्यानंच सरकवला, मला सांगता येणार नाही. तो पडला. ढाल लांब गेली. बोट वर केलं, आणि मग अजिबात हलला नाही.

मला वाटलं, झालं. सुटलो. आपला उभा आहे.

आणि मग माझ्या चारी बाजूंनी, ट्रेबिया, माझ्या बायका उठल्या. पोटातून, जसं मी शिकवलं तसं. ‘काप! काप! काप!’ खानावळीतल्या पोरी, वरच्या आळीच्या सगळ्या, एपिडिया, सगळ्या. आंधळी म्हातारी विचारते, ‘कोण पडलं गं? कोण?’ आणि तिला सांगितलं तशी तीही ओरडली. खालचे पुरुष अजून काही म्हणतही नव्हते. सगळ्यात मोठा आवाज आमचा. पाक्कियसनं मान वर करून आमच्याकडेच पाहिलं.

मी ओरडले, ‘सोडा! सोडा!’

एपिडियानं माझा दंड धरला. म्हणाली, ‘आजी, अहो आजी, तो आपला नव्हे! तो दुसरा! आपला उभा आहे, बघा ना!’ तिला वाटलं मला दिसत नाही. बाकीच्याही मला समजावायला लागल्या, प्रेमानं, ‘आजी गोंधळल्या, आजी गोंधळल्या.’ आणि पुन्हा ‘काप!’

पाक्कियसनं मान हलवली.

हिलारस उभाच राहिला. वस्ताद त्याच्यावर ओरडला. बेरिलस खालून काहीतरी बोलला. इतक्या लांबून काय ऐकू येणार! त्यानं हिलारसची मांडी एका हातानं घट्ट धरली आणि मान पुढे केली, लहान मूल केस कापायला करतं तशी. मग हिलारसनं केलं.

बायकांनी मला मिठ्या मारल्या. एपिडिया रडत होती. म्हणाली, ‘बघा आजी, तुमचं पोर वाचवलं की नाही आम्ही!’

या बायकांना इतके दिवस एकच शब्द शिकवला. एकच! तोही त्यांच्यानं धड म्हणवला नाही. कुठे चुकलं माझं? मी विबियाला विचारलं. ती मेण सपाट करत बसली आहे.

ऑगस्ट. दोन दिवसांनी

आज दार उघडलं नाही. बायका बाहेर उभ्या राहून ‘सोडा’ ओरडल्या, गमतीनं. मी वरून पाणी ओतलं. तेही गरम.

पाक्कियसनं शब्द पाळला. हिलारस वाळूवरच मोकळा झाला, कारभाऱ्यानं हात लावला, डोक्यावर मोकळ्या माणसाची टोपी चढवली. निवडणूक जिंकल्यातच जमा आहे म्हणे. धोब्यांची सगळी मतं. पाक्कियस मला म्हणाला, ‘आई, तू तर कमाल केलीस. त्या वरच्या रांगा! असा आवाज कापुआतही होत नाही.’ या वेळी परात लागली. हे नक्की लिही.

हिलारस घरी आलाच नाही. निरोप पाठवला की तो आखाड्यातच राहणार. बेरिलसच्याच जागेवर झोपतो म्हणे. मोकळा माणूस! कुणी बोलावलं नाही, कुणी बांधलं नाही. उकिरड्यावरून उचललं ते पोर पुन्हा उकिरड्यावर. माझ्या दुधाची ही किंमत. मी त्याचं नाव टाकलं.

ऑगस्ट. आज

हिलारस आला होता. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, ‘मोठ्याबाई, ही हेदोनी. कापुआहून चालत आली. अस्थी न्यायच्यात. त्या मिळेपर्यंत राहायला जागा हवी, गावात कुणी देत नाही.’ माझ्याकडे न पाहता बोलला. मी म्हटलं, ‘जेवून तरी जा.’ तो निघून गेला.

ती बाई आपल्या मागच्या खोलीत बसली आहे. माझ्या विबियाच्या वयाची असेल. बोटं सारखी हलतात, हातात लोकर नसताना. हे घर कुणाचं आहे हे तिला सांगावं लागलं नाही. मी दूध ठेवलं, तसंच आहे. सूप ठेवलं, तसंच आहे. मी म्हटलं, ‘बाई, तुझा राग माझ्यावर आहे, तुझ्या पोटाचा काय दोष?’ तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भांडं पायानं हळूच बाजूला सारलं. बरोबर केलं. मीही या घरचं खाल्लं नसतं.

पण अस्थी घेऊन तिला कापुआपर्यंत परत चालायचंय, आणि ती उपाशी आहे. म्हणून ट्रेबिया, हे तेवढं विसरू नकोस, बाकी सगळं विसर. पाट्या मिळाल्या की त्याच दिवशी गाडी पाठव. खारवलेले छोटे मासे, वाळवलेली अंजिरं, ऑलिव्ह, आणि तुझ्या शेळीचं कडक चीज, प्रवासात टिकेल असं. भरपूर घाल. गाडीवाल्याला सांग, पुत्योलीच्या बाजारातून आलं, एवढंच म्हणायचं. कुणाच्या घरून आलं ते सांगायचं नाही.